खोलीत दुसरं कुणी नको

४ जानेवारी

अडकला! परत अडकला!

मास्तर तोंड उघडून थांबलाय. एक हात हवेत, डोळे अर्धवट मिटलेले, शिंक येता येता राहिल्यासारखे. फोनच्या मधोमध ते चाक गरगर फिरतंय. रुग्णाची कूस बदलताना डावा हात खांद्याखाली घालायचा, एवढं सांगून झालं. उजवा कुठे घालायचा? ते त्या चाकाला विचारा!

कोर्सचं नाव 'रुग्णसेवा सहायक'. फुकट. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय — सर्वांसाठी, कुठेही, केव्हाही. कुठेही म्हणजे आमच्याकडे एकच जागा, आतल्या खोलीची खिडकी. रेंज फक्त तिथे येते. स्वयंपाकघरात नाही, बाहेरच्या खोलीत नाही, दारात उभं राहिलं तर एक काडी दिसते आणि जाते. म्हणून फोन खिडकीत औषधाच्या बाटलीला टेकवून उभा करायचा, स्टूल भिंत आणि पलंगाच्या मध्ये घुसवायचं आणि अंग चोरून बसायचं. पलंगावर बाई.

आणि केव्हाही म्हणजे बाईंचं अंग पुसून झालं, चादर बदलून झाली, औषधं झाली, भरवून झालं की मग. म्हणजे जवळजवळ कधीच नाही.

पण करायचाच आहे. मोठ्या सिस्टरांनी शब्द दिलाय. बाईंच्या पाठीची जखम बघायला हॉस्पिटलातून आल्या होत्या. मी बांधलेली पट्टी उलगडून बघितली, पुन्हा तशीच बांधली आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे गं तुझा. घरोघरी जाऊन पेशंट सांभाळणारी माणसं घेतोय आम्ही. पण कागद लागतो. हा कोर्स कर, फुकट आहे. मार्च संपायच्या आत कागद आण, बाकी मी बघते."

बाईंसाठी पॅकिंगची नोकरी सोडली त्याला वर्ष होऊन गेलं. हात चांगला आहे असं मला कुणी म्हटलं त्याला तर कित्येक वर्षं. नाही, चुकलं. कुणी कधी म्हटलंच नव्हतं. हा कागद मला पाहिजे म्हणजे पाहिजे!

७ जानेवारी

इअरफोनचा एक कान आधीच गेला होता. आज दुसराही गेला. आता सगळा कोर्स बाईंनाही ऐकावा लागणार.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. मुलं आई म्हणतात, पण अख्खी गल्ली बाई म्हणते, आणि मीही लग्न होऊन आले तेव्हापासून गल्लीसारखं बाईच म्हणते. हृदय थकलंय, पाय सुजतात, उठवत नाही. तोंड मात्र थकलेलं नाही.

"कोण आहे गं हा?"

"आमचे सर आहेत, बाई. हात कसे धुवायचे ते सांगतायत."

थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "प्रश्न विचारतो आणि थांबत नाही. 'हात कधी धुवावेत बरं?' असं विचारलं आणि लगेच स्वतःच सांगून मोकळा! थांबायचं असतं. पोरांची तोंडं बघायची, उत्तर येईपर्यंत."

"रेकॉर्ड केलेलं आहे हो ते. त्यांना आमची तोंडं दिसत नाहीत."

"मग शिकवतोय कुणाला?"

मास्तर तिकडे दुसऱ्यांदा हात धुऊन मोकळा झाला होता, आणि मी पहिल्यालाच अडकले होते.

९ जानेवारी

रस्ता खणलाय. रेंज नाही. 'तुम्ही आज अभ्यास केला नाही' असा मेसेज मात्र बरोबर पोचला!

१५ जानेवारी

धडा — रुग्णाला उचलणं.

व्हिडिओतला पलंग दांडा फिरवला की वरखाली होतो. शेजारी दोन मदतनीस, हातात मोजे, चेहऱ्यावर हसू. रुग्ण म्हणून एक तरणाताठा गडी झोपवलाय, जो मनात आणलं तर उठून त्या दोघांनाच उचलेल. आमचा पलंग लाकडी. गुडघ्याएवढा. ना वर जातो ना खाली येतो. मदतनीस मी, एकटी. हसू नाही.

म्हणून चर्चा मंचावर विचारलं — पलंग बुटका असेल आणि उचलणारं माणूस एकटं असेल तर कसं उचलायचं? वर लिहिलेलं असतं, 'हजारो सहाध्यायी तुमच्यासोबत आहेत.' उत्तरं आली की! "छान प्रश्न." "मलाही हेच विचारायचं होतं." "मलाही." "छान माहिती दिलीत, धन्यवाद." अरे, कसली माहिती? मी प्रश्न विचारलाय! एकाने वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात टाकली. ती बाईंसाठी की माझ्यासाठी, कोण जाणे. मास्तर तिथे फिरकतसुद्धा नाही. धडे कधीचे रेकॉर्ड करून ठेवलेत, आता तो कुठे असेल देव जाणे.

बाईंना सगळं वाचून दाखवलं. खोकला येईपर्यंत हसल्या. "एवढी मुलं एका वर्गात आणि शिक्षक गैरहजर! दंगा होणारच." मग दम खाऊन म्हणाल्या, "तू मला काखेतून ओढतेस. दुखतं. कमरेपाशी धरून बघ जरा." धरून बघितलं. त्यांनाही बरं पडलं, मलाही. हजारो सहाध्यायी बसले असतील अजून "मलाही, मलाही" करत.

२२ जानेवारी

वाटी पडली. त्यांनी फेकली नाही, माझ्याच हातून निसटली. मऊ भात सगळा चादरीवर — सकाळीच बदललेली चादर!

रोजचंच झालंय हे. चमचा पुढे केला की ओठ घट्ट. "एकच घास, बाई. बरं, अर्धा. बरं, नुसतं पाणी तरी." शेवटी अर्धा गालात, अर्धा हनुवटीवर. दोघींनाही घाम फुटतो. एवढी वर्षं पोरांना डबा संपवायला लावणारी बाई ही! आणि स्वतः?

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, आई खाते ना गं? नीट भरव हं. पोटात गेल्याशिवाय कशी सुधारणार?" लांब राहतात, जीव तुटतो, कळतं मला. पण फोनवरून भरवणं सोपं असतं! नवऱ्याचंही तेच. मालाचा ट्रक घेऊन भटकत असतो, मधूनच घरी टेकतो. चपला काढता काढता पहिला प्रश्न — "किती खाल्लं आईने?" म्हणजे मी परीक्षेला बसलेय आणि हा गुण विचारतोय. दोन चमचे म्हटलं की त्याचं तोंड पडतं. म्हणून हल्ली मी सहा सांगते.

डॉक्टर येऊन गेले. दारात बूट घालता घालता हळूच म्हणाले, "हृदय फारच थकलंय हो. जे जाईल ते द्या. आता आपण..." आणि वाक्य तसंच टाकून जिना उतरले. हाही अडकला! सगळे शिकलेले लोक अर्धवट बोलतात आणि उरलेलं मी ओळखायचं. मी नाही ओळखत जा! मी भरवणार.

३० जानेवारी

घटक चाचणीत नापास! आणि कशात — 'जखमेची काळजी'! रोज दोन वेळा जी करते त्यात!

प्रश्नच असा की वाचता वाचता डोकं फिरावं. 'पुढीलपैकी कोणती कृती व्रणप्रतिबंधासाठी अनावश्यक नाही असे म्हणता येणार नाही?' आधी मनात म्हणाले हो, मग नाही, मग हो. बोट नको तिथे पडलं. एवढंही धड लिहिता येत नाही यांना, आणि मला नापास करतायत!

मी पुटपुटत वाचते, लहानपणची सवय. बाईंनी प्रश्न ऐकला होता. उत्तर त्यांना आलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी आशेने बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाई, एवढं एक —"

"पेपर चालू असताना माझ्याकडे बघायचं नाही."

नवरा सांगतो ते खरंच असणार. तो त्यांच्याच वर्गात होता. एकदा चाचणीत शेजारच्या मुलाने उत्तर विचारलं, याने हळूच सांगितलं. बाईंनी दोघांनाही बाहेर उभं केलं आणि पोटच्या पोराच्या पेपरावर भोपळा काढला. "विचारणाऱ्यापेक्षा सांगणारा मोठा चोर," म्हणाल्या. घरी आल्यावर पोराला कुशीत घेतलं, पण भोपळा तसाच! अजून सांगताना त्याचं तोंड एवढंसं होतं.

आणि मी अशा बाईंच्या उशाशी बसून परीक्षा देतेय. धन्य आहे! चिडून चाचणी पुन्हा दिली. पास झाले. सांगितलं तर म्हणतात कशा, "बघ. येत होतं तुला."

६ फेब्रुवारी

शेवटचा धडा. नावच 'शेवटचे दिवस'.

आवाज अगदी बारीक केला. इतका की मलाच ऐकू येईना.

"वाढव."

"हा धडा तितकासा महत्त्वाचा नाही हो, बाई."

"शेवटचा धडा महत्त्वाचा नसतो? वाढव."

वाढवला. मास्तर सांगू लागला — झोप कशी वाढत जाते, श्वास कसा बदलतो, हातपाय गार पडतात. बाई छताकडे बघत ऐकत होत्या, दुसऱ्या शिक्षकाचा तास बघायला मागे बसावं तशा. मला ऐकवेना. त्यांच्यासमोर तर नाहीच नाही. बादली न्यायची आहे म्हणत उठले. बादली स्वच्छ होती. मोरीत नळ मोठा सोडला आणि उभी राहिले. रडले थोडी. कशाला खोटं लिहायचं?

परत आले तर धडा संपलेला आणि त्याच्यापुढे हिरवी खूण — 'पूर्ण केला'! वा रे वा! ज्या धड्याला मी खोलीतसुद्धा नव्हते तो पूर्ण! आणि परवा जिवाचा कान करून ऐकलेला धडा चाकावर अडकला म्हणून अजून 'अपूर्ण'! कोण बसलंय तिथे हिरवं-लाल करायला?

"आज बरं शिकवलं त्याने," बाई म्हणाल्या.

काय शिकवलं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

अंतिम परीक्षेचे नियम आले. हसावं की कपाळ बडवावं!

परीक्षा कॅमेऱ्यासमोर. खोलीचं दार बंद. खोलीत दुसरं कुणी नको. चेहरा एकच दिसला पाहिजे. आवाज नको. उठायचं नाही, मागे बघायचं नाही. दुसरी व्यक्ती आढळली तर परीक्षा जागच्या जागी रद्द. संधी दोन.

म्हणजे कोर्स फुकट, परीक्षा फुकट, फक्त खोली तुमची तुम्ही आणा! आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी कोर्स काढायचा आणि परीक्षेला म्हणायचं की ते आजारी माणूस बाहेर ठेवून या. हा नियम ज्याने केला त्याच्या घरात खोल्या किती असतील? आणि रेंज? प्रत्येक खोलीत असेल मेल्याच्या!

मदत केंद्राला लिहिलं. चटकन उत्तर आलं, तेव्हाच ओळखलं की यंत्र आहे. 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो. कृपया शांत खोली निवडा.' लिहिलं, शांत खोली नाही. 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो. कृपया शांत खोली निवडा.' लिहिलं, एवढं समजत असेल तर तूच निवडून दे. 'तुमचं समाधान झालं का? हो किंवा नाही दाबा.'

नाही दाबलं. म्हणे, 'धन्यवाद!'

१३ फेब्रुवारी

वाचनालयात विचारून आले. शांतता आहे. पण चेहरे आहेत.

१७ फेब्रुवारी

रद्द! पहिली संधी गेली!

समोरच्या शिवणकामवालीने तिची खोली दिली होती. बिचारीने मशीन बंद ठेवलं, गिऱ्हाइकांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं, स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. नवरा घरी होता, तो बाईंपाशी थांबला. सगळं कसं जुळून आलं होतं, रेंजसुद्धा. मी तिच्या भिंतीला पाठ लावून बसले, फोनने माझा चेहरा तपासला, सुरू झालं. प्रश्न येत होते, मी सोडवत होते. आणि एकदम लाल पाटी — 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.'

कोण दुसरी? दार बंद! मान वळवली. कोपऱ्यात तिचा तो पुतळा. दुकानाच्या काचेत असतो तसला, रंगवलेले ओठ, लांबलचक पापण्या, अंगावर कुणाचा तरी अर्धा शिवलेला झगा. माझ्या खांद्यावरून थेट फोनमध्ये बघत होती सटवी!

मदत केंद्राला कळवलं, तो पुतळा आहे. उत्तर — 'कृपया त्या व्यक्तीला बाहेर जाण्याची विनंती करा.'

शिवणकामवालीच रडायला लागली. "अगं, आधी सांगायचंस! तोंडावर कापड टाकलं असतं गं मी तिच्या!" मीच तिला समजावलं. आणि बाईंना सांगितलं तर डोळे मिचकावत विचारतात, "मग? काही उत्तरबित्तर सांगितलं का तिने?" नवरा हसला. मला नाही हसू आलं. हसण्यासारखं काय आहे यात? एक संधी एका लाकडी बाईने खाल्ली.

२४ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांचा फोन. "झाला का गं कागद? चार जणींनी आणून दिला." चार जणींना चार खोल्या असतील!

शिवणकामवाली बहिणीच्या बाळंतपणाला गेली. दाराला कुलूप. नवरा पुन्हा ट्रकवर. जाता जाता म्हणाला, "घरीच दे की. पलंगापुढे चादर बांध, आईचा चेहरा दिसणार नाही. आणि आईला सांग तेवढा वेळ गप्प राहायला."

बाईंना ऐकू गेलं. "मी पेपरात बोलत नाही. मला शिकवू नका तुम्ही दोघं."

आवाज अगदी खोल गेलाय त्यांचा. दिवसभर झोपूनच असतात. उठवून भरवावं लागतं. आज एकच चमचा गेला, तोही ठसका लागून बाहेर आला. तरी मी सोडलं नाही. कसं सोडणार?

२८ फेब्रुवारी

संपलं. दुसरीही गेली.



दोरी बांधून चादर सोडली होती. बाईंचा केससुद्धा दिसणार नाही असं तपासून घेतलं. "आता बोलू नका हं, बाई," म्हटलं. त्यांनी नुसती बोटं हलवली, जा, बस, अशी. आणि रेंज होती! चाक एकदाही फिरलं नाही. सगळं येत होतं मला — जखम, कूस, ताप, औषधाच्या वेळा. मनात म्हटलं, झालंच आता. शेवटी शेवटी एक प्रश्न आला, सवयीप्रमाणे चारही पर्यायांसकट पुटपुटत वाचला. शेवटच्या अवस्थेतला रुग्ण खायला नको म्हणत असेल तर सहायकाने काय करावं? याला काय विचार करायचा! रोज तेच तर करते. 'थोड्या थोड्या वेळाने पुन्हा भरवत राहावे.' क, पुटपुटले आणि दाबला.

आणि चादरीमागून — "ड."

मी बसल्या जागी थिजले.

"ड, अगं! ड आहे ते!"

पाणी मागायलासुद्धा ज्यांचा आवाज फुटत नाही, त्या बाई! जिन्यात ऐकू जाईल एवढ्याने! लाल पाटी. 'दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. परीक्षा रद्द.'

चादर ओढून काढली मी. ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते त्यांच्यावर. "आयुष्यभर कुणाला सांगू दिलं नाहीत, पोटच्या पोराला भोपळा दिलात, आणि नेमकं माझ्याच वेळी? मी कुठे जाऊच नये असं वाटतं ना तुम्हाला? नोकरी सोडली तुमच्यासाठी, आता हेही सोडू?" आणखी एक वाक्य बोलले. ते इथे लिहवत नाही.

तेवढ्या बोलण्यानेच बाईंना धाप लागली होती. मी उशी उंच केली, पाणी पाजलं आणि बाहेर येऊन बसले. राग काही जात नाही.

२ मार्च

अबोला. माझाच. पुसते, कूस बदलते, पट्टी बांधते, भरवते — तोंडातून शब्द नाही. चमचा नेला की ओठ मिटतात. मीही हट्टाला पेटलेय. आज चमचा त्यांच्या दातांवर आपटला. आवाज झाला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

४ मार्च

तक्रार केली होती, त्याचं उत्तर — 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो.' फोन भिंतीवर आपटणार होते. घरात दुसरा नाही म्हणून वाचला तो!

पुन्हा लिहिलं. या वेळी सगळं लिहिलं. खोली एकच आहे, रेंज एकाच खिडकीत आहे, त्या खिडकीखाली माझ्या सासूबाई आहेत आणि त्या कुठेही जाऊ शकत नाहीत. कुणीतरी माणसाने वाचा, एवढंच शेवटी लिहिलं.

नवऱ्याला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. "आई? आणि उत्तर सांगेल? काहीतरीच काय! तू चुकीचं ऐकलंस." म्हटलं, मी ऐकलं, फोनने ऐकलं, अख्ख्या जिन्याने ऐकलं. त्यावर तो म्हणाला, "पण का सांगितलं असेल?"

मला काय माहीत! विचार तुझ्या आईला.

९ मार्च

माणसाचं उत्तर आलं! खरोखरच्या माणसाचं — कारण त्यात कुठेही 'समजू शकतो' नाही.

त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. 'दुसऱ्या व्यक्तीने पर्याय ड सांगितल्याचे ऐकू येते. मात्र परीक्षार्थीने त्याआधीच क निवडला होता व तो बदललेला नाही. त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. एक विशेष संधी देण्यात येत आहे.' म्हणजे बाईंचं ऐकलं नाही म्हणून मी सुटले!

लगेच मोठ्या सिस्टरांना फोन लावला. आधी रागावल्या. "खोली नाही हे मला सांगायचं नाही का, वेडे?" त्यांची कपडे बदलायची खोली देणार आहेत, बारा तारखेला. दार आहे, कडी आहे, पुतळा नाही. नणंद येणार आहे बाईंपाशी. उड्या मारायला हव्यात मी.

पण सकाळपासून एकच डोक्यात बसलंय. बाई चुकीचं उत्तर सांगणार नाहीत. म्हणजे ड बरोबर. म्हणजे माझा क चूक. चूक कसा असेल? ड मी नुसता पुटपुटले होते, डोक्यात शिरलाच नव्हता. तो शेवटच्या धड्यातला प्रश्न. त्या धड्याला मी मोरीत होते, नळाखाली. खोलीत होत्या त्या बाई. पुढे हिरवी खूण होती म्हणून मी तो परत कधी उघडलाच नाही.

परीक्षेच्या आधी बघायलाच हवा. आज लावला तर चाक.

बाईंनी आज ओठ उघडलेच नाहीत. नणंदेला फोनवर चार चमचे सांगितलं.

११ मार्च

मांडीवर भाताची वाटी घेऊन बाईंच्या उशाशी बसले आणि तो धडा लावला. आवाज मोठा ठेवला. मास्तर म्हणाला, "शरीराला आता भूक नसते. नको असताना भरवतो ते बहुतेक वेळा आपल्या समाधानासाठी, त्यांच्या नाही." मग विचारलं, "अशा वेळी तुम्ही काय कराल?" आणि अडकला. तोंड उघडं, हात हवेत, चाक गरगर.

"आज थांबला बघ," बाई म्हणाल्या. आवाज नव्हताच, ओठ हलले.

मी वाटी खिडकीत ठेवली. कापूस ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांचा हात हातात घेतला आणि नुसती बसून राहिले. चाक फिरत होतं. फिरू दिलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे न उघडताच माझं बोट दाबलं.

"पास," म्हणाल्या.